रिंगचा वाक कोण पाहतो?

डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्याच्या नौपाड्यात सध्या पुनर्विकासाच्या सभा रंगताहेत. कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडे किती महिन्यांचे, यावर तासन्‌तास खल होतो. तळमजला पार्किंगसाठी मोकळा म्हटले की सगळे खूश. त्या मोकळ्या मजल्याचे भूकंपात काय होईल, हे सहसा कोणी विचारीत नाही.

भूकंप म्हणजे किल्लारी, असे आपल्या मनात बसले आहे. १९९३ सालच्या त्या पहाटे घात केला तो दगडमातीच्या घरांनी. आपण काँक्रीटवाले सुरक्षित, अशी शहरांनी समजूत करून घेतली. ती २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेत मोडली. केंद्र भुजकडे, दोनशेहून अधिक किलोमीटरवर. तरीही तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या कित्येकांच्या खाली पार्किंग होते. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा असतो, खाली नुसते कॉलम. वरचा भाग पेटीसारखा एकसंध राहतो आणि सारा हेलकावा खालच्या कॉलमांवर येतो.

आपल्याकडे कुठला एवढा भूकंप, असे म्हणाल. एवढा नसेलही. पण १९८३ साली शहापूरजवळ भातसा धरणाच्या परिसरात धक्के बसले, २०१८ पासून शेजारच्या डहाणू-तलासरीत बसले, आणि २००२ च्या मानक नकाशाने ठाणे तिसऱ्या, मध्यम धोक्याच्या विभागात घातले.

उपाय जुनेच आहेत. लिफ्टभोवतीच्या व इतर काँक्रीट भिंती थेट पायापर्यंत न्यायच्या आणि दोन्ही अंगांना समतोल मांडायच्या, नाहीतर इमारत पिळवटते. कॉलम-बीमच्या जोडाजवळ रिंगा दाट बांधायच्या, त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवायची. काटकोनातली रिंग बाहेरचे काँक्रीट निखळताच उघडते आणि उभ्या सळया फाकतात. फिटरला मात्र काटकोन सोयीचा.

बँकेत मी गृहकर्जाच्या पुष्कळ फायली हाताळल्या. टायटल सर्च असे, मूल्यांकन असे, वकिलाचा दाखला असे. रिंगेचा वाक कुठल्याच कागदावर नसे. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत पक्की’ असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की बँक आधी स्वतःचे पैसे सांभाळते. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी सोसायटीने आपला स्वतंत्र इंजिनिअर पाठवावा, फोटो काढून ठेवावेत. नंतर काहीच दिसत नाही.

ज्यांचा पुनर्विकास इतक्यात होणार नाही, त्यांनी स्ट्रक्चरल ऑडिट करताना भूकंपाचा हिशेब वेगळा मागावा. कॉलमांना जाड वेष्टण देता येते, निवडक कॉलमांमध्ये काँक्रीटची भिंत घालता येते. दोन-तीन गाड्यांची जागा त्यात जाईल. सभेत भांडण होईल ते त्यावरच.