विजेची दुचाकी व तिचा लगाम

अलीकडे आमच्या भागांत विजेवर चालणाऱ्या सायकली व दुचाक्या बऱ्याच दिसूं लागल्या आहेत. ज्या मुलांना एस्. टी.ची वाट पाहत फाट्यावर ताटकळत राहावें लागे, त्यांपैकीं कांहीं जण आतां अशा गाडीवरून शाळेंत येतात. ह्या सुधारणेचें आम्ही मनापासून स्वागत करितों. पेट्रोलचा खर्च नाहीं, धूर नाहीं, गोंगाट नाहीं. परंतु ह्या सोयीबरोबर एक चुकीची समजूतहि घरोघर शिरली आहे. "हिला काय पाहावें लागतें? रात्रीं चार्जिंगला लावली कीं झालें!" असें वडील माणसें म्हणतात, आणि मुलें तें खरें मानितात. इंजिनाची देखभाल नाहीं, हें खरें. पण ब्रेक हिलाहि आहेत आणि ते इतर वाहनांप्रमाणेंच झिजतात. म्हणून ज्याच्या हातीं गाडी द्यावयाची, त्याला ब्रेक तपासण्याची व जुळविण्याची विद्या आधीं शिकविली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

साध्या सायकलीपेक्षां विजेच्या सायकलीच्या ब्रेकवर अधिक भार कां पडतो, हें पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सहज समजेल. बॅटरी व मोटर यांमुळें हिचें वजन जास्त, आणि वेगहि जास्त. वेग दुप्पट झाला कीं गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशीं १५ किलोमीटर वेगानें पायडल मारीत जाणाऱ्या मुलाला २५ किलोमीटरचा वेग मिळाला, म्हणजे ती ऊर्जा सुमारें पावणेतीन पट होते. आणि ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतरहि त्याच प्रमाणांत वाढतें. धोका दिसून हात दाबला जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत गाडी सुमारें ७ मीटर पुढें गेलेली असते. कांहीं विजेच्या स्कूटरींत वेग कमी होतांना मोटरच वीज निर्माण करून बॅटरींत भरते व गाडी मंदावते. युक्ति उत्तम खरी. पण बॅटरी पूर्ण भरलेली असतां ती बहुधा काम देत नाहीं. रात्रभर चार्ज करून सकाळीं निघालेल्या मुलानें पहिल्याच उतारावर तिच्यावर भरंवसा ठेवूं नये.

तपासणीचें काम कठीण नाहीं. आठवड्यांतून दहा मिनिटें पुरतात. प्रथम गाडी बंद करून किल्ली काढावी. मग ब्रेकची मूठ दाबावी. ती हँडलला टेकण्यापूर्वीं बरीच अलीकडे ब्रेक लागला पाहिजे. तसें होत नसेल, तर तार सैल झाली आहे किंवा रबर झिजलें आहे, असें समजावें. तारेच्या टोकाशीं असलेला पोकळ स्क्रू बाहेरच्या बाजूस फिरविला कीं तार ताणली जाते. मग त्याखालील नट आवळावा. रबर रिमवर सपाट बसावें; तें टायरला घासतां कामा नये. त्यावरील खांचा नाहींशा झाल्या असतील, तर तें बदलावें. डिस्क असेल तर तिला तेलाचा हात लावूं नये. साखळीला तेल देतांना उडालेला एक थेंबहि ब्रेकची पकड घालवितो. मागें ड्रम असेल तर नट आवळल्यावर चाक हातानें फिरवून पाहावें. तें मोकळें फिरलें पाहिजे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची मूठ मऊ लागूं लागली, तर मात्र घरीं खटपट न करितां कारागिराकडे जावें.

विजेच्या सायकलीची एक गोष्ट साध्या सायकलींत नसते. बहुतेक सायकलींत ब्रेकच्या मुठीशीं एक कळ असते. मूठ दाबतांच मोटर बंद होते. तार जुळविल्यावर वडील माणसाच्या देखरेखीखालीं, मागील चाक अधांतरीं धरून, ही कळ काम करिते कीं नाहीं तें अवश्य पाहावें. ती बिघडली तर एकीकडून ब्रेक गाडीला थांबवितो आणि दुसरीकडून मोटर तिला पुढें ढकलते.

कामथडीच्या लोकांना ह्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पुणें-सातारा महामार्गावर अवजड वाहनांची रहदारी अखंड चालते. पुढें कापूरव्होळास भोर व सासवडकडचे रस्ते फुटतात. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरी रस्त्यावर येतो. ओल्या रिमवर रबर प्रथम घसरतें, म्हणून पावसांत ब्रेक थोडा आधीं, दोन्ही हातांनीं आणि हलकेच लावावा. मुंबई-पुणें रेल्वेचा बोरघाट १८६३ सालीं खुला झाला. तेथें चढणाऱ्या गाडीइतकाच उतरणाऱ्या गाडीचाहि विचार झालेला आहे; ताबा सुटलेल्या गाडीला चढाच्या रुळांवर वळवून थांबविण्यासाठीं वेगळे फांटे ठेविलेले आहेत. ज्यांनीं चढण्याची योजना केली, त्यांनीं थांबण्याचीहि केली. आपण मुलाला गाडी घेऊन देतांना एवढी दूरदृष्टि दाखवितों काय?

कोणी म्हणतील, "ह्याला मेकॅनिक आहे, मुलांनीं अभ्यास करावा." पण मेकॅनिकाची गांठ महिन्यांतून एकदां पडते, आणि उतार रोज लागतो. शिवाय स्वतःच्या हातानें यंत्र उलगडणें हाहि अभ्यासच आहे. मुलींच्या बाबतींत तर आमचा विशेष आग्रह आहे. मुलीला सायकल द्यावयाची आणि पाना भावाच्या हातीं ठेवावयाचा, ही रीत आतां मोडली पाहिजे. शनिवारच्या सकाळीं शाळेच्या आवारांत अर्धा तास सर्वांनीं आपापल्या गाड्या तपासाव्या, असें आम्ही सुचवितों.

२५० वॅटपर्यंत मोटर व ताशीं २५ किलोमीटरच्या आंत वेग असलेल्या गाडीस आपला कायदा परवाना मागत नाहीं. त्याहून मोठ्या गाडीची गोष्ट निराळी. ती अल्पवयी मुलाच्या हातीं दिली व अपराध घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालकच शिक्षेस पात्र ठरतो. परंतु परवाना लागत नाहीं, ह्याचा अर्थ परीक्षा नको, असा नव्हे. सरकार जी परीक्षा घेत नाहीं, ती घरानें व शाळेनें घ्यावयाची आहे.

पवित्र शास्त्रांत, याकोबाच्या पत्रांत, जिभेला आवर घालण्याविषयीं बोध करितांना घोड्याच्या लगामाचा दृष्टांत आला आहे. लगाम केवढा लहान, आणि घोडा केवढा! बोटाएवढ्या रबराचीहि तीच योग्यता आहे. तेव्हां, पालकहो, किल्लीबरोबर मुलाच्या हातीं एक पानाहि द्या. आणि तो वापरतां येतो, हें पाहिल्यावरच त्याला रस्त्यावर सोडा.