ताज्या जेवणातही थॅलेट!

प्लॅस्टिकचे डबे माळ्यावर टाकले, फ्रिजमध्ये काचेच्या बाटल्या आल्या, जेवण रोज ताजे. आता प्लॅस्टिकमधली रसायने पोटात जाण्याचा प्रश्नच मिटला, असे वाटते ना? अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी नेमके हेच करून पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मात्र भलतेच निघाले!

आधी ही रसायने कोणती, ते पाहू. पीव्हीसी हे मुळात कडक प्लॅस्टिक. ते मऊ, लवचीक व्हावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव मिसळतात. त्यांना प्लॅस्टिसायझर म्हणतात. थॅलेट हा त्यातला मोठा गट आणि डीईएचपी हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. रेक्झिन, रेनकोट, बागेचा पाइप, सलाइनची नळी यांचा मऊपणा अशाच द्रवांमुळे येतो. हा द्रव प्लॅस्टिकला घट्ट बांधलेला नसतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो. तेल-तूप आणि उष्णता यांची गाठ पडली, की अधिकच. पाण्याची पारदर्शक बाटली किंवा भाजीची पातळ पिशवी यांना मात्र तो सहसा लागत नाही. तेव्हा सगळे प्लॅस्टिक एका माळेचे मणी नव्हेत.

काळजी कशाची? उंदरांवरच्या प्रयोगांत काही थॅलेटमुळे नर पिल्लांच्या प्रजनन अवयवांची वाढ बिघडलेली दिसली. म्हणूनच गर्भवती आणि लहान मुले यांच्याकडे तज्ज्ञांचे विशेष लक्ष असते.

मोजायचे कसे?

लघवीत थेट थॅलेट शोधण्यात एक मोठी अडचण होती. प्रयोगशाळेतल्या नळ्यांमधूनही ते नमुन्यात मिसळते. मग माणसाच्या शरीरातले किती आणि नळीतले किती? यावर तोडगा निघाला. शरीरात गेलेल्या थॅलेटचे रूप बदलते आणि हे बदललेले पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात. तेच मोजायचे. जर्मनीत एका स्वयंसेवकाने डीईएचपीची ठरावीक मात्रा घेतली, तेव्हा दोन दिवसांत तिचा सुमारे ७५ टक्के भाग या रूपात लघवीत सापडला. हे प्रमाण ठाऊक असले, की लघवीवरून उलटा हिशेब करून रोज किती पोटात गेले, ते काढता येते.

हा आकडा मग मर्यादेशी ताडून पाहतात. उंदरांच्या शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४.८ मिलिग्रॅम डीईएचपी दिले, तेव्हा अपाय दिसला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याचा शंभरावा हिस्सा घेतला: उंदीर आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी दहा. म्हणून मर्यादा ठरली किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला दिवसाला पाऊण मिलिग्रॅम! याच संस्थेच्या २०१९ च्या अंदाजानुसार, युरोपात जास्त खाणाऱ्यांच्याही पोटात अन्नातून चार प्रमुख थॅलेट मिळून किलोमागे सुमारे १२ मायक्रोग्रॅमपर्यंतच जातात.

धणेपुडीचा धक्का

आता सिॲटलकडे वळू. तिथल्या दहा कुटुंबांपैकी काहींना फक्त छापील सूचना दिल्या. उरलेल्यांना पाच दिवस ताजे, प्लॅस्टिकचा स्पर्श टाळून बनवलेले जेवण पुरवले. या दुसऱ्या गटातले डीईएचपी घटायला हवे होते. ते जवळपास पंचवीस पट वाढले! लहान मुलांच्या पोटात दिवसाला किलोमागे १८३ मायक्रोग्रॅम गेल्याचा हिशेब निघाला. स्वयंपाकातले जिन्नस तपासले, तेव्हा धणेपुडीत किलोमागे तब्बल २१.४ मिलिग्रॅम डीईएचपी आढळले. लोणी आणि क्रीममध्येही ते होते.

याचा अर्थ धणे वाईट, असा मुळीच नाही. तो त्या एका मालाचा दोष होता. पण आपल्या ओट्यावर येण्याआधी जिन्नस गिरणी, नळ्या, पट्टे, पॅकिंग अशा किती वाटांनी येतो, ते आपल्याला दिसत नाही. जपानमध्येही तयार जेवणाच्या डब्यांत डीईएचपी सापडले होते. त्याचा उगम निघाला डबे भरणाऱ्यांच्या पीव्हीसीच्या हातमोज्यांत! जून २००० मध्ये तिथल्या सरकारने अन्न हाताळताना असे मोजे वापरू नका, असे सांगितले.

मग घरी काय करावे? सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांनी तीन दिवस असेच ताजे अन्न खाल्ले, तेव्हा त्यांच्यातले डीईएचपीचे अंश निम्म्याहून कमी झाले, असे २०११ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे सवयींचा उपयोग होतो. तेल, तूप, लोणचे काचेत किंवा स्टीलमध्ये ठेवा. गरम आमटी-भाजी आणायला घरून डबा न्या. जमेल तेव्हा अख्खा मसाला आणून घरीच भाजून कुटा. बाळ तोंडात घालणारच, तेव्हा खेळण्यावर आयएसआय खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ती बंधनकारक आहे. रुग्णालयातल्या नळ्यांना मात्र घाबरू नका. उपचार टाळण्याचा धोका कितीतरी मोठा.

शरीर थॅलेट साठवून ठेवत नाही, दोन दिवसांत बहुतेक बाहेर टाकते, ही दिलाशाची गोष्ट. पण आपण ते रोज नव्याने आत घेतो. घरातली खबरदारी आपल्या हाती आहे. गिरणीपासून पाकिटापर्यंतची तपासणी मात्र सरकार आणि कारखानदार यांनीच करायला हवी. तो भार एकट्या गृहिणीच्या माथी मारून चालणार नाही.