श्रवणयंत्र मिळाले; वापरायला शिकवणार कोण?

घरात चार माणसे गप्पा मारत बसलेली असतात आणि आजोबा मध्येच उठून आतल्या खोलीत जातात. कोणी ‘वय झालं’ म्हणून सोडून देते, कोणाला विसरण्याच्या आजाराची शंका येते. ओपीडीत डॉक्टरांचा प्रश्न आजोबांना असतो, उत्तर मुलगा देतो. या सगळ्यात कान तपासायचा राहून जातो, आणि मनही.

वयानुसार अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी झिजतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ ही व्यंजने त्यातलीच. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार असते. ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट कानाला त्रास होतो. गाळलेल्या जागा भरता भरता मेंदू थकतो. भलतेच उत्तर दिले की हसे होते. मग लग्नकार्य, भजनी मंडळ, फोन असे एकेक टाळणे सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीनंतर चारातील एकाहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा बहिरेपणा असतो. ३५ अभ्यासांतील सुमारे १ लाख ४७ हजार ज्येष्ठांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, बहिरेपणा असलेल्यांमध्ये नैराश्याचा संभव सुमारे दीडपट आढळला. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालेले नाही. पण भारतात नैराश्य ओळखलेच जात नाही, ही अडचण त्याआधीची. २०१७-१८ च्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे दिसली. निदान झाल्याचे सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना साहाय्यभूत साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद आहे. साधनांच्या यादीत श्रवणयंत्रही आहे. पाऊल स्वागतार्ह, पण चांगल्या डिजिटल यंत्राची किंमत याच्या कितीतरी पट असते. शिवाय श्रवणयंत्र चष्म्यासारखे नसते. घातल्या दिवशी भांडी, पंखा, स्वतःचा आवाज सगळेच अंगावर येते. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. बॅटरी बदलणे, कानातला साचा पुसणे, आवाज कमी-जास्त करणे कोणी दाखवले नाही, तर यंत्र कपाटात जाते.

इथे महाविद्यालयांतला एक जुना अनुभव उपयोगी पडेल. प्राध्यापकांना विचारायला लाजणारा विद्यार्थी वर्गमित्राकडून तेच गणित समजून घेतो. नुकतीच ती अडचण पार केलेल्याला नेमके कुठे अडते ते ठाऊक असते. श्रवणयंत्राला सरावलेले ज्येष्ठ नवख्यांना असेच शिकवू शकतात. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ ही त्याची जागा. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास समाजकार्य करायचे असते. श्रवणतज्ज्ञांकडून प्राथमिक प्रशिक्षण घेऊन त्यांनी आठवड्यातून एकदा बॅटरी, साफसफाई आणि संभाषणाचा सराव पाहिला, तर यंत्र कानात राहील. शिवाय आठवड्याला कोणीतरी समोर बसून बोलेल, याचेही मोल आहेच.

याला मर्यादा आहेत. केवळ यंत्राने नैराश्य बरे होते असा ठोस पुरावा नाही, आणि विद्यार्थी म्हणजे डॉक्टर नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक उदासी, झोप-भूक हरवणे, ‘आता जगून काय करायचं’ असे बोलणे दिसले, तर डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, ज्येष्ठांना फोनवर ऐकू येत नसेल, तर घरच्यांनी लावावा. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. काही वेळा दोष नुसत्या मळाचा असतो, हेही विसरू नये.

घरात करण्यासारखे मात्र आजच आहे. टीव्ही बंद करावा, उजेडात समोर बसावे, सावकाश बोलावे. आजीने ‘काय म्हणालास?’ असे विचारल्यावर ‘काही नाही, जाऊ दे’ असे म्हणू नये. तेच वाक्य पुन्हा सांगावे. नाहीच कळले, तर शब्द बदलून सांगावे.