शुद्धिचूर्णाचे पथ्य

आषाढीच्या पर्वकाळी चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा सागर लोटतो. वाटेवरील विहिरींत व टाक्यांत पडणारी ब्लीचिंग पावडर त्यांना पटकीसारख्या रोगापासून राखते. परंतु समुद्रमंथनातून अमृताबरोबर हालाहलही निघाले, ही कथा आम्ही कीर्तनांतून सांगत आलो. तिचे मर्म या चूर्णासही लागू आहे.

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ऊन व दमट हवा लागली की तो उडून जातो. ओवरीत पोते उघडे राहिले, तर विहिरीत पडतो तो निव्वळ चुना, आणि सेवेकऱ्यांच्या मनात राहते ते खोटे समाधान! म्हणून हे चूर्ण घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. रॉकेल व तेल यांच्या सान्निध्यात आगीचे भय आहे, आणि संडास धुण्याच्या ॲसिडशी संयोग होताच विषारी वायू उसळतो. मुदपाकखान्यात तर त्यास थारा नकोच.

हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. नाकतोंड झाकून ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळ तेवढी पाण्यात सोडावी व निदान अर्धा तास थांबावे.

उरलेली, जुनी पावडर मात्र नदीत लोटू नये. त्याने मासे मरतात. ती उकिरड्यावर न टाकता आरोग्य खात्याच्या स्वाधीन करावी. वारकऱ्यांस पाणी पाजणे हे पुण्य खरेच. पण हे पथ्य सांभाळल्यावाचून ते पदरी पडत नाही, असे आमचे नम्र सांगणे आहे.