सिडनी ते लंडन : वाचणारे चार तास

सिडनी ते लंडन हे हवाई अंतर सुमारे १७ हजार किलोमीटर. डिसेंबर १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचे कॉन्स्टलेशन विमान या मार्गावर निघाले, ते डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, ट्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांनी पोहोचले. आज एका थांब्याने हाच प्रवास दिवसभरात होतो. आता तोही थांबा गाळून वीस तासांहून लांबचे एकच उड्डाण करायचे म्हणून कंपनीने २०२२ मध्ये एअरबसची बारा विमाने मागवली. यातून वाचणारा वेळ, कंपनीच्याच हिशेबाने, जास्तीत जास्त चार तास.

ज्याला घरून आजारपणाचा फोन आला आहे, त्याला हे चार तास फार मोठे वाटतील. मध्यरात्री परक्या विमानतळावर झोपलेली मुले कडेवर घेऊन पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहणे, पुढचे विमान चुकेल म्हणून जीव टांगणीला लागणे, हे सारे टळते. ही सोय चैनीची म्हणून उडवून लावता येणार नाही.

पण नकाशा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. सिंगापूरमार्गे गेल्याने वाट दोनशे किलोमीटरनेही वाढत नाही. म्हणजे वाचतो तो केवळ उतरण्या-चढण्याचा आणि ताटकळण्याचा वेळ. त्यासाठी मोजावे लागते इंधन. लांब उडायचे तर सगळे इंधन सुरुवातीलाच भरावे लागते आणि ते वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन जळते. या विमानांत २० हजार लिटरची जादा टाकी आहे आणि आसने फक्त २३८. हेच विमान इतरत्र तीनशेहून अधिक प्रवासी नेते. थांबा घेतला की पुन्हा वर चढायलाही इंधन लागतेच, हे खरे. तरीही इतक्या लांबच्या पल्ल्यावर आणि इतक्या कमी आसनांत माणशी खर्च थांब्याच्या बाजूनेच हलका राहील, असे मला वाटते.

शिवाय या सोयीचा भरवसा आकाशावर. याच कंपनीची ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून लंडनला जाणारी विनाथांबा सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये इराणचे आकाश टाळावे लागले, तेव्हा लंडनला जाणाऱ्या त्या विमानाला इंधनासाठी सिंगापूरला उतरावे लागले.

आणि शरीर? तासन् तास बसून पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका डॉक्टर सांगतात. नव्या विमानात हातपाय मोकळे करायला वेगळी जागा ठेवली आहे, ती स्वस्त तिकिटाच्या प्रवाशांनाही खुली असेल, हे चांगलेच. पण वृद्धांना मधे दोन तास जमिनीवर चालता येणे हे त्याहून बरे.

म्हणून विनाथांबा विमान जरूर सुरू व्हावे; मात्र त्याच्यासाठी सिंगापूरमार्गे जाणाऱ्या फेऱ्या कमी करू नयेत. आणि तिकीट काढताना वेळ व भाडे दिसते, तसे दोन्ही वाटांवर माणशी किती इंधन जळेल तेही शेजारीच दिसावे.