अध्यात्म म्हणजे ‘आप’!

‘आय अ‍ॅम स्पिरिच्युअल, बट नॉट रिलिजस.’ हा डायलॉग तुमच्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कानावर आला असेल. आता हेच वाक्य मराठीत आजीला सांगून बघा. ‘आध्यात्मिक आहेस, मग हरिपाठ कधी म्हणतोस?’ असा थेट सवाल येणार!

शब्द एकच, पण प्रत्येक भाषेत त्याचा फंडा वेगळा. इंग्रजीत ‘स्पिरिच्युअल’ म्हणजे मी, माझं मन आणि माझी शांती. देवळाची सक्ती नाही. स्पॅनिशमध्ये ‘एस्पिरितुआलिदाद’ म्हटलं की अजूनही चर्च आणि संत आठवतात. पण पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये आपल्या पुस्तकातून त्या शब्दाला गरिबांच्या मुक्तीशी जोडलं. आणि आपल्याकडे? अध्यात्म म्हणजे रिटायरमेंटनंतर बघू!

नंदुरबार जिल्ह्यात मात्र या शब्दाला एक वेगळाच अर्थ मिळाला. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यात मोरवड आहे. १९३०च्या दशकात इथल्या गुलाम महाराजांनी भिल्लांना सांगितलं, दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. जयघोषही तोच, ‘आप की जय’! वरवर साधी गोष्ट. पण ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सगळे अरे-तुरे करत, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, म्हणजे काय झालं असेल विचार करा. आणि दारू सुटली की तिच्यापायी होणारी उधारीही सुटते. हे अध्यात्म डोळे मिटून करायचं नव्हतंच.

पुढे शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंती झाले. भजनं म्हणायचे, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणत. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली, त्यात हे महाराज पुढे होते. मागण्या होत्या सावकाराकडे गेलेल्या जमिनीच्या आणि योग्य मजुरीच्या. भजन आणि मोर्चा, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी. पेरूतल्या त्या पुस्तकानंतर जेमतेम वर्षभरात!

मन:शांतीला माझा विरोध नाही. वीकएंडला ध्यान जरूर करा. पण शांत झालेलं ते मन सोमवारी लोकांशी बोलतं कसं, तेही तपासायला हवं ना?

तेव्हा एक छोटा प्रयोग. उद्या चहा आणून देणाऱ्याला ‘ए’ऐवजी ‘अहो’ म्हणून बघा. योगा मॅट लागत नाही.