बसण्याचा हक्क

साडीच्या दुकानात गिऱ्हाईक ऐटीत बसते, पण साड्या दाखवणारी विक्रेती दिवसभर उभीच. पाय सुजतात, कंबर भरून येते. तरी क्षणभर टेकली की मालकाचे डोळे वटारलेले! केरळात कोझिकोडच्या स्त्रियांनी याविरुद्ध आवाज उठवला. २०१८ साली केरळने, २०२१ साली तामिळनाडूने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय सक्तीची केली.

पण विक्रेती बसलेली दिसली, तर गिऱ्हाईक नाराज होईल, ही मालकाची भीती कायद्याने कशी जाणार? ते गिऱ्हाईक म्हणजे आपणच ना! मग पुढच्या खरेदीला ‘ताई, तुम्हीही बसा’ एवढे म्हणायला काय हरकत आहे?